गोल पंगत

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी चौतीस वर्षांचा होतो आणि सोलापूरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मेसचा आचारी होतो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण माझ्या स्वयंपाकघरात प्रिन्सिपॉलसुद्धा चपला बाहेर काढून यायचे, हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो.

मे महिन्यात पोरं गावाला गेली की वसतिगृह ओसाड पडायचं. त्या साली मात्र गणिताचं शिबिर भरलं. पीएच.डी. करणारी मुलं मद्रास, धारवाड, नागपूर, कुठून कुठून आली. इथंच राहायचं, इथंच जेवायचं आणि दिवसभर ग्राफ शिकायचा. मला ग्राफ म्हणजे गिरणीच्या हापिसात भिंतीवर लावलेली चढउताराची रेघ एवढंच ठाऊक. यांचा ग्राफ निराळा. ठिपके काढायचे आणि कुठला ठिपका कुठल्याला जोडलाय त्याच्या रेघा ओढायच्या. फळ्यावर तर काढायचेच, पण जेवणघराच्या शहाबादी फरशीवरही ओल्या बोटानं काढायचे. मी ओरडलो की नागपूरवाले म्हणायचे, "मामा, वाळेल की." आणि ते ऊन असं होतं, की माझं ओरडणं संपायच्या आत वाळायचंही.

आता तिथं टेबलं आली आहेत म्हणे. टेबलावर ओलं बोट फिरवून बघा, ती मजा नाही.

त्या मुलांत एक आपल्याकडचा होता, करमाळ्याच्या पलीकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. हुशार असणार, त्याशिवाय का इथवर आला? पण शिकवणं सगळं इंग्रजीत आणि आपसातल्या गप्पाही इंग्रजीत. तो पंगतीत कायम शेवटच्या पाटावर, भिंतीकडेला बसायचा. खाली मान घालून भराभर जेवायचा आणि बाकीचे उठेपर्यंत रिकाम्या ताटाकडे बघत राहायचा. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा आमच्या मेसचा नेम होता. नेम मी घातलेला. तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी माझ्या हातची भाकरी मिळत नसे.

आठवडा सरला आणि एका सकाळी तो पोरगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"मामा, दुपारी जेवून निघतो. दीडची करमाळा गाडी हाय."

"घरी काय झालं?"

"घरी काय न्हाय. मलाच जमत न्हाय हितं. काल फळ्यापाशी बोलावलं. उत्तर येत हुतं, शब्द सुचला न्हाय. हसले सगळे."

"मग परत कधी येणार?"

"येत न्हाय आता. संशोधनबी सोडतो. गावातल्या शाळेवर लागतो."

हातातली भाकरी थापता थापता फाटली. माझी भाकरी सहसा फाटत नाही.

अकराच्या सुमारास शिबिराचे मोठे सर आले. केस पिकलेले, अंगानं किडकिडीत. हातात कागद, त्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ.

"मामा, आजपासून पंगत गोल बसवायची. रोज प्रत्येकाच्या शेजारी नवीन माणूस येईल. असं सगळ्यांना आळीपाळीनं बसवता येतं, त्याचं गणित आहे."

"सर, पंगत म्हंजे सरळ रांग. गोलात वाढायला सुरू कुटनं करायचं?"

"कुठूनही करा. वर्तुळाला टोक नसतं."

"तुमच्या वर्तुळाला नसंल. माझ्या बादलीला लागतं."

"फार हट्टी आहात हो तुम्ही."

"हाय. म्हणून तर आमटी रोज एकसारखी हुती."

सर हसले, पण कागद काही खिशात घालेनात. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, की गोलात भिंतीकडेचा पाटच उरत नाही.

"बसवतो," मी म्हणालो. "एका जेवणापुरतं. आणि वाढायला सुरवात कुणापासनं करायची ते मी ठरवणार. का म्हणून कुणी विचारायचं न्हाय."

"मान्य," सर म्हणाले.

दुपारी सरांनी कागद बघून एकेकाला बसवलं. आमच्या पोराशेजारी मद्रासचा एक जाडा मुलगा आला. स्वभावानं गोड, पण जेवायला महाहळू. मी बादली घेऊन मधोमध शिरलो आणि सुरवात आपल्या पोरापासून केली. दुसऱ्या फेरीलाही त्याच्यापासून. तिसरीलाही. जाड्यानं पोराला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"मामा, ह्यो विचारतोय, तुमी माझे कोण लागता."

"सांग, गाववाले हाय म्हणून."

"तुमी तर मंद्रूपचे."

"जिल्हा एकच की."

पोरगं पहिल्यांदाच हसलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगायला लागलं. मग जाड्यानं तांब्यात बोट बुडवून फरशीवर ठिपके मांडले. फळ्यावरचं कालचंच गणित होतं ते, हे मला मागाहून कळलं. एके ठिकाणी अडला. आमच्या पोरानं हात पुढं करून एक रेघ पुसली, दुसरी ओढली. जाड्यानं मान हलवली. पोरानं परत पाणी घेतलं. पलीकडचे दोघं ताटं सरकवून वाकले. रेघ ओढायला इंग्रजी लागत नव्हतं.

एक वाजून गेल्यावर पोरानं माझ्याकडं बघितलं. "मामा, उठू का? गाडी जाईल."

"पंगत बसलीया. शेजाऱ्याचं ताट रिकामं हाय का बघ आधी."

जाड्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. मी बोटांच्या फटीतून भात घातला. मद्रासच्या माणसाला भात कमी पडला असं माझ्या मेसमध्ये होणार नव्हतं. तो सावकाश जेवला. मी परत घातला.

गाडी गेली. पोरगं रागावलं असेल म्हणून बघितलं, तर ते गुडघ्यांवर येऊन फरशीवर वाकलं होतं आणि "नो, नो" म्हणत जाड्याचा हात बाजूला सारत होतं. सर उठायचं विसरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट सरळ रांगेत मांडले. कबूल एका जेवणाचं केलं होतं. न्याहारीला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला होता. पहिला आला तो आमचा पोरगा, आणि येताच पाट ओढून गोलात लावायला लागला.

"कुणाला इचारून?"

"मामा, कालचं अर्धं ऱ्हायलंय. रांगेत सगळ्यांस्नी दिसत न्हाय."

"आन् आजची गाडी?"

"कुटली गाडी?" वर न बघताच तो म्हणाला.

मी पातेलं उचललं, मधोमध शिरलो आणि वाढायला सुरवात मद्रासच्या जाड्यापासून केली.