अंबादासची जीभ आणि जमैकाची रम

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोखर्णीला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. मी नुसती घंटी वाजवली आणि जिंतूरच्या उतारावर शंभर बैलांनी शिस्तीत रस्ता सोडला, ही माझ्या कंडक्टरकीतली गोष्ट रंगात आली होती. फोन त्याच्या लेकीचा, रेणुकाचा. "काका, बाबा गेले." एवढंच. गोष्ट तिथंच राहिली... ते बैल बहुधा अजून रस्त्यातच उभे असतील.

अंबादासची परभणीत फळांची अडत होती. लिलावाआधी तो प्रत्येक ढिगातलं एक फळ कापून चाखायचा आणि मगच बोली पुकारायचा. आंब्याच्या एका फोडीवरून, तो उतरवला त्या दिवशी मालकाचं बायकोशी भांडण झालं होतं का हे अंबादास सांगतो, अशी हवा मी एसटीच्या प्रत्येक फेरीत करून ठेवली होती. खरं एवढंच, की आंबा पाथरीकडचा की जिंतूरकडचा हे तो डोळे मिटून ओळखायचा. मी गोड म्हणालो की तो आंबूस म्हणायचा, मी आंबूस म्हणालो की पाणचट. "कंडक्टर, तुझी जीभ बोलायला दिलीय. चाखायच्या भानगडीत पडू नको," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतही ऐकू यायचं.

रेणुका परदेशी जहाजावर केक करायला लागली, तीही अख्ख्या भावकीला अंगावर घेऊन. बाप एकटा तिच्या बाजूनं उभा राहिला. तिचं जहाज जमैकाला थांबायचं. सुट्टीवर येताना ती तिथली फळांच्या स्वादाची रम आणायची : आंबा, अननस, केळी, नारळ. आमच्याकडं रम म्हटलं की थंडीतली, मिलिटरीवाल्यानं आणलेली. ह्या बाटल्या मात्र अत्तरासारख्या. अंबादासनं त्यांना अडतीचा कायदा लावला. आधी खरं फळ खायचं, मग घोट, मग निकाल. फळ नसेल तर बाटली उघडायची नाही. आंब्यासाठी आम्ही एकदा अख्खा हिवाळा कोरडा काढलाय. आणि निकालावर आमची अशी जुंपायची, की शेजारी दारं लावून घ्यायचे. रेणुका हसून हसून भिंतीला टेकायची.

मागच्या सुट्टीत तिनं नव्या चार बाटल्या ठेवल्या आणि ती जहाजावर परत गेली. मग अंबादासला घशाचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरला शेक घेतले, त्यात जिभेची चव पार गेली. गूळ आणि माती त्याला सारखीच. लेकीला त्यानं फक्त घसा धरलाय म्हणून सांगितलं. "कळलं तर जहाज सोडून येईल ती. एवढं भांडून मिळवलंय, माझ्यापायी सोडायचं न्हाई," म्हणाला, आणि मला गप्प राहायची शपथ घातली. मला, गप्प राहायची!

उन्हाळा आला, आंबे आले, आणि रेणुकाचा तगादा सुरू झाला. बाबा, उघडली का बाटली? रविवारी व्हिडिओवर निकाल सांगा. अंबादासला डॉक्टरनं थेंबाचीही मनाई केलेली. तेव्हा चाखायचं मी आणि सांगायचं त्यानं, असं ठरलं.

मी अननसाचा घोट घेतला आणि सुरू झालो, की जमैकाच्या राजाच्या बागेत... त्यानं हात वर केला. "भाषण नको. खरं सांग. आंबट आधी लागायलंय का मागून?"

"मागून."

"गिळल्यावर?"

"हां, गिळल्यावर."

"मग अननस न्हाई, अननसाची गोळी हाय ती."

असा त्यानं मला उलटासुलटा तपासला. आंब्याच्या बाटलीत देठाजवळचा चीक लागतो म्हणालो, तर त्याचा चेहरा उजळला. केळीत काळ्या पडलेल्या सालीचा वास सापडला. जन्मात पहिल्यांदा मी इतकं खरं बोललो. नुसता घामाघूम! नारळाची तेवढी राहिली, कारण शहाळं मिळालं नव्हतं.

रविवारी त्यानं लेकीला सगळं ऐटीत सांगितलं. मी शेजारी बसून मान डोलवत होतो. बरोबर, अगदी बरोबर. ती हसली, जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला. "पास झालो बघ," अंबादास म्हणाला.

आठवडा सरायच्या आत दारात जीप थांबली आणि रेणुका उतरली. बाप तिच्यावर जाम कडाडला. कडाडता कडाडता रडला. तिनं मला अंगणात गाठलं. "काका, चवी सगळ्या बरोबर होत्या. पण तुमी तिन्ही बाटल्यांना हो म्हणालात. तुमच्या दोघांचं एका फळावर एकमत झालेलं मी कधी बघितलं न्हाई."

आम्ही चव जमवली होती. भांडायचं विसरलो होतो.

ती राहिली. एका दुपारी शहाळं आणून तिनं नारळाची बाटली अंबादासच्या खाटेजवळ उघडली. आम्ही दोघांनी चाखलं. ती म्हणाली शहाळ्याची मलई, मी म्हणालो सुकं खोबरं. ती लेक कुणाची! असली जुंपली की काय सांगू. अंबादास डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकत होता. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर अडतीवरचा तो तोरा दिसला. शेवटी म्हणाला, "पुन्हा चाखा. जरा पडतो, मग निकाल देतो." आणि झोपला. पुढं दुखणं वाढत गेलं, निकाल राहिला...

परवा घरी गेलो होतो. रेणुकाची जहाजावर परत जायची तयारी चालू आहे. कपाटात ती बाटली आहे, तळाशी दोन बोटं रम. मी अजून खोबऱ्यावर, ती शहाळ्यावर. तू जाशील तेव्हा बाटली माझ्याकडं ठेवू का, असं मी अगदी भोळेपणानं विचारलं.

"न्हाई काका," तिनं कपाट लावून घेतलं. "तुमी एकटेच निकाल लावून टाकाल."