रुसलेला मामा चार पानांवर

इंद्रभान म्हणजे माझ्या सुनेचा, वच्छलाचा, थोरला भाऊ. शिरपूरच्या शाळेत शिपाई होता, आता रिटायर झाला. माणूस मनानं चांगला, पण ते मन कोणाच्या हाती लागू देत नाही. नात्यात लग्न ठरलं की नवरदेवाच्या आधी हा तयार होतो, रुसायले. एका लग्नात आहेराचं पातळ हलकं निघालं, एका लग्नात माइकवरून याचं नाव घ्यायचं राहिलं. स्वतःच्या लग्नातही रुसला होता म्हणतात, बँडवाल्यानं त्याच्याकडं पाठ करून वाजवलं म्हणून.

माझ्या नातीचं, धम्मदीपाचं, लग्न मे महिन्यात झालं. पोरांनी आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या चौकात फ्लेक्स लावला. आजकाल फ्लेक्सवर नवरा-नवरी शोधावे लागतात, इतकी पाहुण्यांची गर्दी. त्यात काकाचं तोंड परातीएवढं अन् मामाचं वाटीएवढं निघालं. झालं! इंद्रभान मोटारसायकलीवर आला, चौकात थांबला, वर पाहिलं, अन् तिथूनच गाडी फिरवून शिरपूरले चालला गेला. आमच्याकडं नवरीले मंचावर मामा आणतो. वच्छला फोन लावून लावून थकली. मंगल परिणय मामाशिवायच झाला.

तेव्हापासून त्यानं बोलणं सोडलं. वच्छलाचे मायबाप केव्हाच गेले. भाऊ हेच तिचं माहेर. दिवाळीले सुद्धा त्यानं बोलावलं नाही, तेव्हा ही चुलीपुढं बसून डोळे पुसत धुराचं नाव करत होती, अन् चूल तर पेटलेलीच नव्हती.

बसस्टँडजवळ पौर्णिमाचं दुकान आहे. लोक मोबाइलमधले फोटो तिच्याकडं नेऊन देतात. ती त्यातले निवडते, कॉम्प्युटरवर पान-पान जुळवते, अन् अकोल्याहून छापलेलं जाडजूड पुस्तक येते. पोरगी हुशार, पण तिच्या हाती माणूस सापडला की उजळूनच निघतो. मले तिनं इतकी गोरी केली की ही म्हातारी कोण, हे मीच दुसऱ्याले विचारलं. नवरा-नवरीच्या मागं बर्फाचा डोंगर उभा केला. मे महिना अन् मालेगाव!

पुस्तक छापायच्या आधी वच्छला म्हणाली, "पौर्णिमा, याच्यात माह्या भावाले टाक."

"काकू, ते आले कुठं होते?"

"म्हनून तं टाक म्हनते."

आता इंद्रभानचा फोटो आणावा कुठून? सगळ्या नात्यातल्या लग्नांचे फोटो धुंडाळले. हा एकाही लग्नात नाही. असला तर मंडपाबाहेर, पाठमोरा. शेवटी शाळेतल्या निरोप समारंभाचा एक सापडला. खांद्यावर शाल, बाजूच्या हेडमास्तरकडं पाहून गोड हसणं. पौर्णिमानं हेडमास्तर काढला, हसणं ठेवलं.

"अवं, उन्हाळ्यात शाल कशी दिसन?" मी म्हटलं.

"आजी, शालीखालचं फोटोत काहीच नाही. काढली तं मामा उघडे पडतील."

मग तेच हसणं अन् तीच शाल चार पानांवर बसली. स्वागतात, मंचावर, पंगतीत अन् पाठवणीत. बर्फाच्या डोंगरापुढं तर तोच एकटा नीट कपड्यात दिसे.

पुस्तक गल्लीत फिरलं. एकीचं माहेर शिरपूरचं, तिनं पानांचे फोटो मोबाइलवर तिकडं धाडले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिथल्या पानठेल्यावर लोकांनी याले धरलं, "काय इंद्रभान! रुसलो म्हनतं, अन् पंगतीत शाल पांघरून जेवतं?"

इतक्या महिन्यांचा रुसवा एका फोटोनं धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी गडी आमच्या दारात.

"वच्छले! मी आलो नोतो लग्नात!"

"मले मालूम आहे, भाऊ."

"मंग या पुस्तकात कोन आहे?"

"तूच आहे."

"काढ मले त्याच्यातून! माही काही इज्जत आहे का नाही?"

मी म्हटलं, "बाप्पा, बसून तं सांग, कोनत्या कोनत्या पानावरून काढाचं ते."

बसला. मांडीवर पुस्तक घेतलं. "हे खोटं. हे बी खोटं. पंगतीतलं हे ताट माहं नाही मावशी, मी इतकं वरन घेतच नाही." असं करत करत मंचाच्या पानावर आला अन् थांबला.

"हे पोरगी तिकडं कुठं पाहून राह्यली? मी तं इकडं उभा आहे."

वच्छला हळूच म्हणाली, "मंडपाच्या दाराकडं पाहून राह्यली, भाऊ. तू येशीन म्हनून. मंग एकटीच चढली."

पुस्तकातला इंद्रभान हसत होता. बाहेरच्यानं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"दीपा? मामा बोलतो... नाई वं, तब्येत बरी आहे... रविवारी येतो तुले घ्याले. तुया सासूले सांगून ठेव."

फोन ठेवला अन् बहिणीले म्हणाला, "रविवारी त्या पौर्णिमाले बोलाव. पोरीसंग माहा खरा फोटो काढून हे पान बदलून घेऊ."

"अन् बाकीचे तीन?"

तो जरा घुटमळला. "ते राहू दे. शिरपूरच्या लोकायनं पाह्यले आता."

 वच्छला उठली, चूल पेटवली, अन् भाकरीचं पीठ मळायले बसली.