शोकप्रस्ताव घरी पोचेपर्यंत

काही वर्षांपूर्वी मी मुंबईत राज्याच्या सभागृहाच्या कार्यालयात कक्ष अधिकारी होते. घर आकुर्डीला. सोमवार ते शुक्रवार मुंबईत मावशीकडे राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आमच्या कक्षाचं काम ऐकायला सोपं होतं. सभागृहात जो ठराव मंजूर होईल तो कागदावर उतरवायचा, कार्यवृत्ताशी शब्दन् शब्द ताडून पाहायचा, सचिवांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा आणि ज्याला पोचायला हवा त्याला पाठवायचा.

बहुतेक ठराव खात्यांकडे जायचे. त्यांच्या मागे कुणी ना कुणी असायचं, दिवसातून तीनदा फोन यायचे, त्यामुळे ते आपोआप वेळेत निघायचे. शोकप्रस्तावांचं तसं नव्हतं. एखादे माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनात त्यांच्याबद्दल चार शब्द बोलले जातात, सगळं सभागृह स्तब्ध उभं राहतं, आणि त्या ठरावाची एक प्रत त्यांच्या घरी पाठवायची असते. ती किती दिवसांत पाठवायची हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आम्ही टिपणीवर ‘यथावकाश’ असं लिहायचो. विचारायला कुणी यायचं नाही.

माझे यजमान चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहेत. तिथं ट्रक गेटवर कधी लागायचा याची वेळ ठरलेली असते, अर्धा तास इकडचा तिकडे चालत नाही. एकदा जेवताना मी ‘यथावकाश’चा अर्थ त्यांना सांगितला. ते म्हणाले, आमच्याकडे हा शब्द कुणी वापरला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मी हसले होते. कागदाची आणि ब्रेकच्या भागांची बरोबरी कशी होईल, असं मला वाटलं.

नव्या अधिवेशनाच्या आधी आम्ही कपाटं आवरत होतो. माझ्याच कपाटात, खालच्या खणात, दोन फायलींच्या मध्ये एक लांबट पाकीट सापडलं. एका शोकप्रस्तावाची प्रत असलेलं, पोस्टानं परत पाठवलेलं. वर शेरा होता, या पत्त्यावर राहत नाहीत. कोपऱ्यात परत मिळाल्याची तारीख आणि माझी छोटी सही. चार महिने झाले होते. मला आठवलं, अधिवेशनाचे शेवटचे दिवस होते, नवा पत्ता शोधू म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. ते बाजूलाच राहिलं. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पत्ता वाचला आणि मी खुर्चीत बसले. आकुर्डीच्या ज्या कामगार वसाहतीचा तो पत्ता होता, तिच्याच पलीकडच्या गल्लीत माझं लहानपण गेलं. माझे वडील कारखान्यात होते. ठराव ज्यांच्याबद्दल होता ते गृहस्थही तिथंच फिटर होते, मग कामगारांनी त्यांना उभं केलं आणि ते एकदाच, पाच वर्षांसाठी, निवडून आले. वडील सांगायचे की पहिल्या पाळीहून सुटल्यावर हा माणूस झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, निवडून येण्याआधीही आणि पुढं पडल्यावरही. आमच्या नोंदवहीत त्यांचा पत्ता त्या पाच वर्षांतला होता. त्यानंतर तो कुणी बदललाच नव्हता.

आमचे उपसचिव कडक होते. त्यांच्यापुढं पाकीट ठेवून मी काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ पाकीट उलटसुलट करून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हा कागद हातोहात देता येतो का? नियमात बसतं, मी म्हणाले.

“मग तुम्हीच घेऊन जा,” ते म्हणाले. “आणि पोच आणा. सहीची.”

शनिवारी सकाळी मी निघाले. वसाहतीच्या जागी आता चौदा मजली इमारती आहेत. गेटवरच्या रखवालदाराला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. समोरच्या चहाच्या टपरीवर कारखान्यातून निवृत्त झालेले दोघं बसले होते, त्यांतल्या एकानं नाव ऐकताच सांगितलं, ते तर कधीच त्यांच्या मूळ गावी, चिखलीला गेले. जुन्या गावठाणामागं घर आहे, रिक्षावाल्याला लेथच्या गल्लीत सोड म्हणावं.

गल्ली बरोबर तशीच होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, आत लेथ, प्रेस, ग्राइंडर. बोललेलं ऐकू जाईना. अशा दोन शेडच्या मध्ये दोन खोल्यांचं एक बैठं घर होतं. दारात एक म्हातारी बाई ओल्या फडक्यानं उंबरा पुसत होती. ऐंशीच्या पुढची असावी. मी मोठ्यानं सांगितलं की मी मुंबईहून, सभागृहाच्या कार्यालयातून आले आहे. ती चौकटीला धरून उठली.

“कागद आला व्हय?” तिनं विचारलं.

मी अजून कागदाचं नावही काढलं नव्हतं.

आत बसल्यावर तिनं जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. ज्या दिवशी सभागृहानं तिच्या मालकांचा ठराव केला, त्या दिवशी नातीनं तिला ते मोबाइलवर दाखवलं होतं. सगळे उभे राहिलेले तिनं पाहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले की सभागृहाच्या भावना कुटुंबीयांना कळवण्यात येतील. हे वाक्य दर शोकप्रस्तावाला असतं, मी ते शेकडो वेळा टाइप करून घेतलं होतं. या बाईनं ते शब्दशः घेतलं. कळवतील म्हणजे कळवतील. दोन्ही मुलांनी रावेतला मोठा फ्लॅट घेतला होता, लिफ्ट होती, तिच्यासाठी उन्हाची खोली ठेवलेली होती. सामान न्यायला टेम्पोसुद्धा एकदा येऊन उभा राहिला. तिनं तो परत पाठवला. तिचं म्हणणं एवढंच, सरकारात पत्ता या घराचा असणार, आपण गेलो आणि कागद आला तर तो कुलूप बघून माघारी जाईल.

म्हणून ती चार महिने त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मुलं आळीपाळीनं रोज डबा घेऊन यायची, समजूत काढायची आणि परत जायची. दिवसभर दार उघडं ठेवायचं म्हणून ती बाजारातही जात नव्हती. आणि कागद मुळात या घरी आलाच नव्हता. तो आकुर्डीच्या जुन्या पत्त्यावर जाऊन, परत येऊन, माझ्या कपाटात पडला होता.

मी हे सगळं तिला सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांकडे बघायचं मला जमलं नाही. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि असू दे असंही म्हणाली नाही. मग म्हणाली, “थांब जरा. लेकांना बोलवून घेते.”

मुलं, सुना, नात यायला तासभर लागला. तेवढ्यात तिनं आतल्या खोलीत जाऊन धुतलेलं इस्त्रीचं लुगडं नेसलं. शेजारच्या दोन बायकांना हाक मारली. मी पाकीट तिच्या हातात द्यायला पुढं केलं, तर तिनं ते घेतलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण कारण ते नव्हतं. नातीनं वाचलं असतं.

“तितं उभं राहून वाचलं ना त्यांनी?” ती म्हणाली. “मग इतंबी तसंच वाच. तू तिकडली हायेस.”

मी उभी राहिले. सगळे उभे राहिले. मी पहिलं वाक्य वाचायला सुरुवात केली आणि शेजारच्या ग्राइंडरखाली माझा आवाज बुडून गेला. थोरला मुलगा बाहेर गेला. तो शेडवाल्याला काय बोलला ते मला कळलं नाही. ग्राइंडर थांबला. पण पलीकडचा प्रेस चालूच होता, मग तोही थांबला. मग समोरची दोन लेथ. निरोप पुढं गेला असावा, कारण गल्लीच्या टोकापर्यंत एकेक मशिन बंद होत गेलं, आणि कामावरची माणसं, हाताला तेल लागलेली, शेडच्या बाहेर येऊन होती तिथं उभी राहिली. त्यातले बरेचसे मराठवाड्यातले, काही उत्तरेकडचे. त्यांतल्या निम्म्यांना हे गृहस्थ कोण ते माहीतही नसेल. कुणी दार वाजवलं नाही, कुणी फोन काढला नाही. त्या भागात दिवसा इतकी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. दूर कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा स्पष्ट ऐकू आली.

मी ठराव वाचला. दीड पानाचा होता. जन्म, शिक्षण, कारखान्यातली नोकरी, सदस्यत्वाची पाच वर्षं, कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर त्यांनी मांडलेली लक्षवेधी सूचना. ही भाषा माझ्या रोजच्या ओळखीची होती, पाठ होती म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी मी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकत होतं. ‘सभागृह त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे’ इथं पोचले तेव्हा त्या बाईनं मान हलवली, जणू समोरून कुणी खरंच बोललं आणि तिनं ते स्वीकारलं. मी मनात म्हटलं, आपण आजवर हे काय पाठवत होतो ते आपल्याला माहीतच नव्हतं.

नंतर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मग ती म्हणाली, “झालं. चालू करा म्हणावं.” तशी मशिनं एकेक करून पुन्हा सुरू झाली.

पोचेच्या कागदावर तिनं अंगठा दिला. निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिथं, आवाजातून मला ऐकू जावं म्हणून, माझा दंड धरून तिनं मघाचा विषय काढला.

“माझं काय न्हाई,” ती म्हणाली. “मी थांबले. पर एखादी माझ्यापरीस थकलेली असंल. तिच्यापाशी चार म्हैनं हायेत का न्हाईत, तुमाला काय ठावं?”

पोचेचा कागद पिशवीत ठेवून मी रिक्षा शोधायला निघाले. 

सोमवारी मी उपसचिवांपुढं पोच ठेवली आणि सोबत एक टिपणी. शोकप्रस्तावाची प्रत मंजुरीपासून सात दिवसांत निघावी, असं तिच्यात लिहिलं होतं. त्यांनी ती वाचून परत माझ्याकडे सरकवली. कार्यवृत्त अंतिम व्हायलाच पाच दिवस जातात, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शोकप्रस्तावाचा मजकूर आधीच लिहिलेला असतो, तेवढा भाग पहिल्या दिवशी ताडून घेता येईल. पाकीट परत आलं तर? परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाला फोन करायचा आणि नवा पत्ता मिळेपर्यंत ते पाकीट टेबलावरच ठेवायचं, कपाटात नाही. पत्ताच जुना असेल तर? दर अधिवेशनाआधी सगळ्या माजी सदस्यांचे पत्ते फोन करून तपासायचे. हे शेवटचं काम किती मोठं आहे ते मला माहीत होतं, त्यांनाही होतं.

 मग पोचेवरचा तो अंगठा त्यांनी पुन्हा एकदा पाहिला.

“मुदत कुणीही घालतं,” ते म्हणाले. “ती कुणी पाळायची ते यात लिहिलेलं नाही.”

मी पेन घेतलं आणि ‘कक्षाने’ हा शब्द खोडून ‘कक्ष अधिकाऱ्याने’ असं केलं. त्यांनी सही केली. आठ दिवसांत परिपत्रक निघालं, आणि आमच्या कक्षातून ‘यथावकाश’ हा शब्द गेला. सहकारी सुरुवातीला कुरकुरले. मी त्यांना चिखलीच्या गल्लीबद्दल सांगितलं, एकदाच, तपशिलानं. त्यानंतर फारसं कुणी काही म्हणालं नाही.

ती बाई त्याच आठवड्यात रावेतला गेली, असं तिच्या मुलानं फोनवर कळवलं. खोलीत ऊन येतं, पण लिफ्टला ती घाबरते, असंही सांगितलं.

पुढच्या अधिवेशनात नऊ शोकप्रस्ताव झाले. मी पहिल्यांदाच अधिकाऱ्यांसाठीच्या वरच्या सज्जात जाऊन ते ऐकले. नेहमी आम्ही खाली कक्षातल्या स्पीकरचा आवाज बारीक करून काम करत असू. त्या दिवशी वरून शेकडो माणसं एकदम उठून उभी राहताना पाहिली. त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं, ही शांतता पुढं कुठं कुठं जाणार आहे?

नऊही पाकिटं सहाव्या दिवशी निघाली. त्यानंतरच्या आठवड्यात कोकणातल्या एका आडगावातून एका शिक्षकाचा फोन आला. वडिलांचा ठराव मिळाला, म्हणाले. मग जरा अडखळले. गावात बऱ्याच जणांनी मागितलाय, त्याच्या झेरॉक्स काढल्या तर चालतील का, की त्याला परवानगी लागते?

मी म्हणाले, काढा, हव्या तेवढ्या काढा.

“शिक्का नीट उमटेल ना त्यात?” त्यांनी विचारलं.

उमटेल, मी म्हणाले, आणि मग न राहवून विचारलं की ठराव किती तारखेला मिळाला. त्यांनी तारीख सांगितली. मी ती वहीत लिहून घेतली.