धुऊन प्यायलेली थाळी

मंचरच्या पेठेतल्या रूपचंद कापडवाल्यांच्या घरच्या मंगलाबाईंनी बावीस वर्षांत जैनांच्या आयंबिल व्रताची एकही ओळी चुकवली नव्हती. नऊ दिवस तूप, तेल, दूध, गूळ बंद. दिवसातून एकदाच बसून उकडलेलं खायचं. यंदा मात्र छातीत गाठ निघाली, चार केमो झाल्या, वजन बेचाळिसावर आलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आणखी उतरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल."

नेमकी तेव्हाच ओळी आली. त्यातच मुलानं, कल्पेशनं, मोबाइलवरचं वाचून दाखवलं: छातीच्या कॅन्सरच्या पेशी आपल्या पोटात चरबीचे थेंब साठवतात, साठा जास्त तशी गाठ मातते.

नणंद कंचनबाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ! तुपावरच पोसतीय ती! ओळी धर, उपाशी मरंल."

मंगलाबाईंना पटलं. दोन दिवस त्या कोरडं जेवल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढं अंधारी आली. कठडा धरून खाली बसल्या आणि तिथूनच पुण्याला फोन लावला.

"मावशी, ती पेशी लई लबाड," डॉक्टरीणबाई हसल्या. "चरबी स्वतः बनवते, आजूबाजूनं ओढते. त्यावर अजून संशोधन चाललंय. पण तुमचं तूप तोडून ती उपाशी राहत नाही. राहता तुम्ही."

मंगलाबाई उठल्या त्या थेट पाटावर येऊन बसल्या.

"टीना, खिचडीवर तूप घाल. चमचा ठेव गं, वाटीनं ओत."

सुनेनं आधी सासूकडं बघितलं, मग कंचनबाईंकडं.

"मंगला, ओळीत तूप?" कंचनबाई ओरडल्या. "देवाला काय तोंड दाखवशील?"

"दाखवायला आधी तोंड तर राहू द्या, बाईसा! त्या सटवीनं चोरून साठा करायचा आणि उपास मी धरायचा? हा कुठला न्याय?"

केमोनं जिभेला लोखंडाची चव होती, तोंडात फोड होते. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी शेवटचं शीतसुद्धा त्यांनी टिपून खाल्लं. मग थाळीत पाणी ओतलं, बोटानं कडा पुसल्या आणि तुपाचे थेंब तरंगणारं ते पाणी घटाघटा प्यायल्या.

"थाळी धुऊन प्यालं की आयंबिलाचं पुण्य लागतं. मी नवी नवरी होते तेव्हा कोणी शिकवलं, बाईसा?"



मंगलाबाईंनी देव्हाऱ्याकडं हात जोडले. "केमो संपेस्तोवर ताटात कण ठेवणार नाही. हा माझा नियम."

सूर्य अजून डोक्यावरच होता.

"टीना," त्या म्हणाल्या, "पाचला, दिवस मावळायच्या आत, पुन्हा ताट मांड."