आभार न मानायचं मलम

ओनी ट्रेनरच्या दारातून माणसं निघत ती भांडून निघाल्यासारखी. ना निरोप, ना मागे वळून बघणं. मलमाची बशी कोटाखाली धरायची आणि चालू पडायचं. नवख्याला वाटावं, काय हे माजोरडे लोक! पण आमच्या मॉनहनच्या बाजूला रीतच तशी आहे. कोणाच्या घरात भाजल्याचा उतारा असतो, कोणाच्या घरात मुरगळल्याचा, कोणाकडे नागिणीचा. तो एकाने एकाच्याच हवाली करायचा. ज्याच्याकडे उतारा आहे त्याने पैसा घ्यायचा नाही आणि नेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. चुकून तोंडातून ‘उपकार झाले’ निघालं, की औषधाचं पाणी झालंच म्हणून समजा. पाद्रीबाबा रविवारी याला अडाणीपणा म्हणायचे आणि सोमवारी स्वतःच्या गुडघ्यासाठी मुकाट जाऊन यायचे.

डिंप्ना मॅकब्रिएनचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात ती भांडी घासायची. सोड्याच्या पाण्यात जन्म गेला, त्यामुळे हातांना बारा महिने भेगा. दुकानातली सगळी मलमं लावून झाली होती. शेजारची जोसी म्हणायची, “अगं, ओनीकडे का जात नाहीस एकदा?” तर ही फटकन म्हणे, “तो गाईच्या सडांना लावतो ते मला लावणार. मी काय दुभती आहे?”

डिंप्नाचा नवरा फेलिम. कष्टाळू, दारूला न शिवणारा, आणि जीभ असून मुका. लग्नाआधी लोक म्हणाले, शांत माणूस आहे, नशीब काढलंस. शांत! शांत तर दगडही असतो.

तरी बरी चालली होती गाडी, डिंप्नाची आई आजारी पडेपर्यंत. आई लांब, कॅव्हनच्या पलीकडे, शेवटच्या घटका मोजत होती. निरोप आला त्या दिवशी फेलिमचं गवत कापून शेतात पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. मोटार त्याच्याकडे, चालवणारा तोच. “गवत आत घेऊ, मग निघू,” म्हणाला. तिने दातओठ खात दंताळं हातात घेतलं. गवत कोरडं आत आलं आणि ते दोघं पोचले तेव्हा आईच्या घरचं घड्याळ बंद करून ठेवलेलं होतं, मेलेल्या माणसाच्या घरी करतात तसं. त्यावर फेलिम चुकलं म्हणाला नाही. वाईट झालं असंसुद्धा म्हणाला नाही. परतताना एवढंच म्हणाला, “पाऊस आलाच बघ शेवटी.”

तिथून पुढे डिंप्ना त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवण वाढलंय. वासरू सुटलंय. पोस्टमन येऊन गेला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं. एक घर, एक टेबल, एक बिछाना आणि मधे ही एवढी भिंत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमच्याकडे अशा गोष्टीत कोणी नाक खुपसत नाही. फक्त एकमेकांना सांगतात.

आणि मग एका वसंतात फेलिम पिवळा पडायला लागला. आधी डोळे, मग कातडी. शहरातल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून टाकलं. आत गाठ होती आणि ती काढण्याच्या पलीकडे गेलेली होती. “घरी न्या,” ते डिंप्नाला म्हणाले. “खावंसं वाटेल ते खाऊ दे.”

तिने त्याला घरी आणलं. रडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. आता तरी हा बोलेल. मरणाच्या दारात माणसाची जीभ सुटते म्हणतात. तिला काही फार नको होतं. एक शब्द हवा होता. आईबद्दल, त्या गवताबद्दल, इतक्या वर्षांच्या राबण्याबद्दल, कशाहीबद्दल चालला असता, पण तिच्या तोंडाकडे बघून म्हटलेला, माणसाने माणसाला म्हणावा असा एक शब्द. तो न बोलता हा गेला तर आपण जन्मभर कोणाशी संसार केला, या विचाराने ती रात्री उठून बसायची.

पण बोलणार कसा? त्याला खाज सुटली होती. साधी खाज नव्हे. काविळीची खाज आतून येते, नखांना सापडत नाही. तो पाठ भिंतीला घासायचा, पोटऱ्या खाटेच्या लोखंडाला घासायचा. चादरींवर रक्ताचे ओरखडे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं जरा दबलं, खाजेला कशाचाच धाक नव्हता. डिंप्ना खुर्ची घेऊन शेजारी बसायची, तर त्याला ती दिसतसुद्धा नव्हती. एका सकाळी तो बिछान्यात नाही म्हणून ती शोधायला गेली, तर गोठ्यात सापडला. उघडा, हाडांचा सापळा, आणि घोड्याच्या खराऱ्याने स्वतःची पाठ सोलत होता. तिला बघून ओरडला, “जा इथून! बघतेस काय?”

ती गेली, ती तशीच एप्रन न सोडता ओनी ट्रेनरच्या घरी.

ओनी ऐंशीच्या घरातला, बायको जाऊन जमाना झालेला. चुलीशी बसून बटाटे सोलत होता. डिंप्ना उंबऱ्यातूनच म्हणाली, “तुमच्याकडे काविळीचा उतारा आहे म्हणतात.”

“बस आधी. कोणाला झालीय?”

“फेलिमला.”

त्याने डोळ्यांचा रंग विचारला, लघवीचा विचारला, वजन विचारलं. सगळं ऐकून सुरी खाली ठेवली. “ही माझी कावीळ नव्हे, पोरी. माझी कावीळ जाते. ही माणसाला घेऊन जाते.”

“मला ठाऊक आहे ते,” डिंप्ना म्हणाली आणि उठली. उगीच आलो, असं तिला झालं.

“थांब. खाजवतो का?”

“रक्त काढतो, ओनी. खरारा घेऊन बसलाय गोठ्यात.” एवढं बोलली आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम बाहेर पडलं.

म्हातारा तिला घेऊन परसात गेला. भिंतीच्या कडेला एक लुसलुशीत तण पसरलं होतं, बारीक पांढऱ्या फुलांचं. आमच्याकडे त्याला कोंबडतण म्हणतात, कारण कोंबड्या ते मिटक्या मारत खातात. डिंप्नाच्या परड्यात ते मणभर उगवायचं आणि ती शिव्या देत उपटायची. ओनीने ओंजळभर खुडलं, बिनमिठाच्या लोण्यात मंद आचेवर शिजवलं, फडक्यातून गाळलं. हिरवट मलम झालं. “सडांच्या भेगांना देतो मी हे. माझी आई माणसांच्या खाजेलाही द्यायची. संपलं की तूच करून घे, पण पहिलं माझ्या हातचं असावं लागतं.”

बशी हातात घेताना तिचे ओठ हलले, तोच ओनी गरजला, “तोंड आवर! एक अक्षर काढलंस तर दुप्पट खाज येईल त्याला!”

डिंप्नाने तोंड मिटलं आणि निघाली. विश्वास नसलेली बाई, पण वाटभर ओठ दाताखाली धरून चालली.

घरी आल्यावर तिला वाटलं, जनावराचं औषध आजारी माणसाला एकदम कसं फासावं? म्हणून आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं. भेगांमधली आग बसत गेली. ती हात उलटासुलटा करून बघत राहिली. मग फेलिमकडे गेली. “पालथा हो,” म्हणाली.

“हे काय आणलंस?”

“ओनीचं. सडांचं.”

“बरं,” तो पालथा होत म्हणाला. “नंतर धार काढायला बसू नकोस म्हणजे झालं.”

फेलिमने विनोद केला! तिला हसावं की घाबरावं कळेना. तिने त्याच्या पाठीवर मलम चोळायला सुरुवात केली. किती वर्षांत तिने त्या पाठीला हात लावला नव्हता. मणके मोजता येत होते. चोळता चोळता त्याचा श्वास लांब झाला आणि दुपारच्या उजेडात, हात बाजूला टाकून, तो लहान पोरासारखा झोपला.

गाठ होती तिथेच होती. ती वाढत होती, तो आटत होता, अंगाचा पिवळा रंग हळदीवरून तांब्याच्या भांड्यावर गेला होता. यात मलमाने काही फरक पडला नाही आणि पडेल असं कोणी म्हटलंही नव्हतं. पण खाज बसली. आणि खाज बसल्यावर त्या घरात माणूस परत आला. रोज सकाळ-संध्याकाळ ती चोळायची आणि तो बोलायचा. आधी चार शब्द, मग वाक्य. वरच्या शेतातला नाला साफ करून घे. काळी गाय मार्टिनला देऊ नको, तो काठीने मारतो. एकदा म्हणाला, “तुझे हात बदललेत.” तिने पाहिलं. खरंच, भेगा बुजल्या होत्या. ज्या हातांना शहराच्या दुकानातल्या डब्यांनी गुण आला नाही, ते दुसऱ्याला चोळता चोळता बरे झाले होते. डिंप्नाला त्याचं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

परड्यातलं तण आता ती देवाला वाहायच्या फुलासारखं जपून खुडायची. आणि वाट बघायची. तो त्या शब्दाच्या जवळ येतोय, हे तिला कळत होतं.

एका रविवारी सकाळी ती त्याच्या खांद्याला मलम लावत होती. त्याने तिचं मनगट धरलं. “इकडे बघ जरा,” म्हणाला.

तिने बघितलं.

“डिंप्ना, तुझे उपका—”

तिचा तळहात त्याच्या तोंडावर पडला तो तिने ठरवायच्या आधी. “गप्प! गप्प! ओनीचं औषध आहे ते!” तिच्या डोळ्यांपुढे तो गोठा होता, तो खरारा होता. पुन्हा ते नको. देवा, पुन्हा ते नको.

फेलिम आमच्याच गावचा. त्याला सांगायला लागलं नाही. तिने हात काढला तेव्हा त्याच्या मिशीला मलम लागलं होतं. “खरंच की,” तो म्हणाला. “विसरलो. मग कधी म्हणू?”

“बरा झालास की म्हण.”

तो बरा होणार नव्हता हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, खुंटीवरच्या त्याच्या कोटालाही ठाऊक असेल. पण तिच्या तोंडून शब्द निघून गेला होता.

“बरं,” तो म्हणाला. “तेव्हा म्हणेन. मोठी यादी आहे. गवतापासून.”

आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्याची शुद्ध हरपली आणि मग ती आली नाही. डिंप्ना चोळत राहिली. त्याचा श्वास थांबला तेव्हाही तिचे हात त्याच्या पायांवर होते.

प्रेताशेजारी सगळं गाव बसायला आलं. चहा झाला, जपमाळ झाली. बायका एकेक करून तिचा हात हातात घेत होत्या. जोसी दचकून म्हणाली, “अगं बाई, काय मऊ झालेत हात तुझे!” डिंप्नाने हात काढून घेतले आणि काखेत दाबून धरले.

सगळं आटोपल्यावर ती ओनीची बशी परत द्यायला गेली. रिकामी बशी टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ओनी ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“अगं पोरी,” तो म्हणाला, “तो नियम माझा आहे. ज्याच्याकडे उतारा, त्याचा. तू त्यात कोण? तू नुसता मलम लावायचा चमचा होतीस. नवऱ्याने बायकोचे उपकार मानले, त्याने कुठलं तण रुसतं?”

डिंप्नाने रिकामी बशी त्याच्याकडे ढकलली. “मग आधी सांगायला काय झालं होतं? तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“मला काय ठाऊक,” म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, “तुमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानेल म्हणून? तुमचं बोलणं बंद आहे, हे अख्ख्या गावाला माहीत.”

ती दार ओढून घेऊन निघून आली.

त्या हिवाळ्यात ओनीही अंथरुणाला खिळला. त्याला मूल नव्हतं. त्याने डिंप्नाला बोलावून घेतलं आणि मलमाचा उतारा तिच्या हवाली केला. ती म्हणाली, “मला नको. मला राग आहे त्याचा.” तो म्हणाला, “म्हणूनच तुला. तू हलक्या हाताने कोणाला देणार नाहीस.” तिने घेतला. आता तो नियम खरोखरचा तिचा झाला.

लोक येऊ लागले. तान्ह्यांच्या पुरळाला, म्हाताऱ्यांच्या फुटलेल्या टाचांना, एकदा दुसऱ्या पिवळ्या माणसालाही. ती सगळ्यांना द्यायची. गुण यायचा. पण डिंप्ना ओनीसारखी गप्प बसणारी नव्हे. माणूस बशी घेऊन निघाला, की ती दार अडवून उभी राहायची. “म्हण,” म्हणायची. “उपकार झाले म्हण. माझ्याकडे म्हटलेलं चालतं. काही होत नाही त्याने.”

जोसीच्या पायाला इसब होता. वर्षानुवर्षांचा इसब महिन्याभरात सुकला. दुसरी बशी न्यायला आली तेव्हा डिंप्नाने तिला दारातच धरलं. “जोसी, तू तरी म्हण. एकदा म्हण गं. मला ऐकायचंय.”

जोसीने छातीवर क्रूस काढला. “मला माझा पाय हवाय, बाई,” म्हणाली आणि तिच्या हाताखालून वाकून, बशी कोटात धरून, मागे न बघता पळाली. अख्ख्या पंचक्रोशीत अजून कोणाची ते म्हणायची छाती झालेली नाही.