वरची पानं, खालचं रोप

आमच्या फिशटँकमध्ये पाण्यावर तरंगणारी गोल पानं भराभर पसरली आणि खाली वाळूत लावलेलं रोप पिवळं पडलं. पानांचा तरी काय दोष? उजेड मिळाला, तशी ती वाढली. सावली मात्र खालच्याच्या वाट्याला आली.

“हे असं का झालं गं?” मी धाकटीला विचारलं.

“बाबा, त्याला उजेडच मिळत नाही,” थोरली म्हणाली. धाकटीला काहीही विचारलं, की उत्तर थोरलीच देते. तेही मायेनंच.

मी ओंजळीनं पानं उपसू लागलो. उजेड थेट वाळूपर्यंत उतरला. थोरली काहीतरी बोलणार होती, पण माझ्याकडे पाहून थांबली.

मग धाकटीचा बारीक आवाज आला, “बाबा, ती फेकू नका हं. दुसऱ्या भांड्यात ठेवूया.”