माझ्या घरच्या बादल्या

गुरुग्राममधल्या एका शाळेत मी पाचवीला पर्यावरण शिकवते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो. आता ते नाहीत, मुलगी बंगळुरूला असते. शाळा आहे म्हणून मी इथेच राहिले.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा धडा चालू होता. पाणी कुठून येतं, असं विचारलं तर अर्धा वर्ग म्हणाला, टँकरमधून. त्यांचं काय चुकलं? आमच्या सोसायटीतही टँकरच येतो. मी फळ्यावर जमिनीखालच्या पाण्याचं चित्र काढलं, बोअर का आटतात ते सांगितलं. मुलं जांभया देत होती. शेवटी म्हटलं, रविवारी घरात किती पाणी लागतं ते मोजून या. लिटर नकोत, बादल्या सांगा.

"मॅम, आप भी करोगे?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

"बिल्कुल," मी म्हणाले.

रविवारी मी खरंच मोजलं. आंघोळ, छोटा कुकर, एक ताट, चहाचा कप. कपडे नव्हतेच, मशीन भरायला मला आठवडा लागतो. फ्लश धरूनही चौथी बादली भरली नाही. काहीतरी विसरलं असेल म्हणून पुन्हा आठवून पाहिलं. हे दाढी करताना नळ तसाच सोडायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे. विसरलं काहीच नव्हतं.

सोमवारी मुलांनी मोठमोठे आकडे आणले. कुणाकडे पाहुणे आलेले, कुणाच्या आजोबांनी गाडी धुतलेली. मी माझा आकडा सांगितला, तर वर्गाने टाळ्या वाजवल्या. "मॅम का घर बेस्ट," म्हणत एकाने फळ्यावर माझ्या आकड्यापुढे चांदणी काढली.

चष्मेवाली उठली. "मॅम, घर में कितने लोग हैं? भाग देना पड़ेगा ना."

मुद्दा तिचाच बरोबर होता, आणि तो मी आधीच शिकवायला हवा होता.

"एक," मी म्हणाले.

तिने वहीत पाहिलं. एकने भागून आकडा तेवढाच राहिला. मग सगळे आपापला भागाकार करायला लागले. सोसायट्यांमागे उरलेल्या जुन्या गावातल्या एका मुलाच्या घरी नऊ माणसं होती. एकाच पातेल्यात डाळ, एकाच बादलीत सगळ्या घराची फरशी. त्याच्याकडे माणशी माझ्यापेक्षा कमी पाणी निघालं. मी चांदणी पुसून त्याच्या आकड्यापुढे काढली. तो लाजला.

"एकत्र राहिलं की पाणी कमी लागतं," मी हिंदीतून समजावलं.

संध्याकाळी मुलीला फोन करून हे सांगायला घेतलं. "अच्छा, मग तुझा कितवा नंबर?" तिने हसत विचारलं.

"दुसरा."

"भारीच की. आई, मीटिंग आहे, नंतर बोलू?"

"बोलू," मी म्हणाले. नऊ माणसांच्या घराचं सांगायचं राहूनच गेलं.